लवंग म्हणजे फ्रीज नव्हे

बकरी ईद जवळ आली की आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन गोष्टी हमखास येतात. बोकडांचे फोटो, कसाई ठरल्याच्या खबरा आणि 'तो' मेसेज. यंदा तो आठ दिवसांत चार वेळा आला. मजकूर साधारण असा : शिजवलेल्या गोश्तात लवंग, दालचिनी, हळद, लसूण आणि कढीपत्ता भरपूर टाका, चार दिवस बाहेर ठेवलं तरी मटण ताजं राहतं. फ्रीजची गरज नाही, केमिकलची गरज नाही. आपल्या दादी-नानींना हे ठाऊक होतं, आपण शिकलो आणि विसरलो. खाली चाँदतारा, आणि सवाब मिळेल म्हणून पुढे पाठवण्याची विनंती.

चारपैकी एकदा हा मेसेज पाठवणाऱ्या बाई विज्ञानाच्या पदवीधर आहेत आणि शाळेत शिकवतात. हे मुद्दाम सांगते, कारण अशा मेसेजचा दोष आपण नेहमी अडाणी माणसांवर ढकलतो. अडाणी माणूस हे पाठवत नाही. त्याला ते पाठवलं जातं.

इतकी वर्षं मी गप्प बसले. एक तर पाठवणारे बुजुर्ग असतात, त्यांना उलट बोलायचं नाही अशी घरची शिकवण. दुसरं म्हणजे मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. स्वयंपाकघरातलं रसायनशास्त्र सांगणारी मी कोण? पण गेल्या वर्षी जे झालं त्यानंतर गप्प राहणं मला जमत नाही.

१७ जून २०२४, सोमवार, ईदचा दिवस. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात माझ्या खालांच्या घरी दुपारी मोठ्या पातेल्यात सहा किलो मटणाचं सालन शिजलं. फ्रीज कच्च्या गोश्ताच्या पिशव्यांनी इतका भरला होता की दार लागायला खुर्ची टेकवली होती. संध्याकाळपर्यंत पाहुणे आले-गेले, अर्धं पातेलं उरलं. हवा अशी दमट की भिंतीला हात लावला तर ओला व्हावा. रात्री वीज गेली ती पहाटे आली. पातेलं ओट्यावरच, वर ताट झाकलेलं. खालांना काळजी नव्हती. मेसेजप्रमाणे त्यांनी लवंग-दालचिनी मूठभर जास्त घातली होती, हळद दुप्पट. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सालन गरम केलं. गरम म्हणजे कडेने बुडबुडे येईपर्यंत. सगळ्यांनी खाल्लं, मीही खाल्लं.

मध्यरात्रीनंतर सुरू झालं. पोटात मुरडा, जुलाब. घरात सात जण आडवे. आम्ही मोठी माणसं ओआरएसवर निभावलो, दोन लहान मुलांचं मात्र सकाळपर्यंत तोंड सुकलं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या खालूंना उठून बसता येईना. त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, दोन रात्री सलाईनवर. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? खाला म्हणाल्या, "घरचंच, डॉक्टरसाहेब. ताजं."

"वास वगैरे आला नाही?"

"नाही हो. लवंगेचा काय सुंदर वास येत होता!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून वर्षभर गेलेलं नाही. कारण त्यात खाला खोटं बोलत नव्हत्या. वास खरंच छान येत होता.

आता मेसेजमध्ये खरं काय आहे ते आधी कबूल करते, नाहीतर वाद एकतर्फी होईल. शिजवलेलं मांस दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडतं आणि आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो, 'खराब झालं'. पहिली तऱ्हा चरबीची. मांस शिजताना त्यातलं लोह मोकळं होतं, ते चरबीचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग घडवून आणतं आणि दुसऱ्या दिवशी गरम केलेल्या मटणाला तो ओळखीचा शिळा, पुठ्ठ्यासारखा वास येतो. अन्नशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये या चवीला वेगळं नावसुद्धा दिलं. यात चव जाते, माणूस सहसा आजारी पडत नाही. दुसरी तऱ्हा जंतूंची. यात माणूस आजारी पडतो, आणि चव व वास बऱ्याचदा जसेच्या तसे राहतात.

वनस्पती कामाला येतात त्या मुख्यतः पहिल्या तऱ्हेत. लवंग, दालचिनी, कढीपत्ता, शेवग्याचा पाला, डाळिंबाची साल यांत फिनॉल जातीची द्रव्यं भरपूर असतात आणि ती चरबी खवट होण्याला अडवतात. हे नुसतं दादी-नानीचं म्हणणं नाही, आपल्या देशातल्या प्रयोगशाळांनी ते मोजलेलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये शिजवलेल्या चिकनच्या टिक्क्यांवर डाळिंबाचा रस, डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि कारखान्यात बनणारं बीएचटी हे द्रव्य यांची तुलना छापली. खवटपणा रोखण्यात सालीचा अर्क बीएचटीपेक्षा सरस ठरला. ज्या साली आपण कचऱ्यात टाकतो, आणि सोलापूरकडे ज्यांचे ढीग लागतात, त्या साली! मथुरेजवळच्या मखदूम इथल्या केंद्रीय बकरी संशोधन संस्थेत बोकडाच्या शिजवलेल्या मांसावर शेवग्याच्या पाल्याचा अर्क तपासला गेला, त्याचेही निकाल चांगले आले. मला याचा आनंद आहे. शेवगा आमच्या कोकणात परसात उगवतो, कुणी विकतही घेत नाही.

पण या प्रयोगांत एक गोष्ट आहे जी मेसेज लिहिणाऱ्याने बरोब्बर गाळली. हे सगळं मांस फ्रीजमध्ये होतं. चार अंश सेल्सियसच्या आसपास. डाळिंबाच्या सालीने फ्रीजची जागा घेतली नाही. फ्रीजमधल्या मांसाची चव टिकवली. शास्त्रज्ञांनी विचारलेला प्रश्न होता 'थंडीत ठेवलेलं मांस खवट होण्यापासून कसं वाचवावं', आणि आपण त्याचं उत्तर 'फ्रीजची गरज नाही' म्हणून वाटतो आहोत. शाळेत असं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आपण शून्य गुण देतो.

लवंगेत युजेनॉल असतं आणि युजेनॉल जंतूंना मारतं हेही खरं. दातांचे डॉक्टर उगाच लवंगेचं तेल वापरत नाहीत. पण दाताच्या पोकळीत टाकलेला तेलाचा थेंब आणि सहा किलो सालनात टाकलेल्या तीस-चाळीस लवंगा यांत फरक आहे. प्रयोगशाळेच्या बशीत जंतू आणि अर्क समोरासमोर असतात. मटणात मध्ये चरबी असते, प्रथिनं असतात, आणि ही द्रव्यं त्यांना जाऊन चिकटतात. मग तोच परिणाम मिळवायला कितीतरी पट जास्त मात्रा लागते. तेवढी लवंग घातली तर ते सालन माणूस तोंडात धरणार नाही.

आणि आता त्या पातेल्याबद्दल. शिजलेल्या मांसाच्या मोठ्या भांड्यांशी ज्याचं नाव जगभर जोडलं जातं तो जंतू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. उकळलं की मरतो असं आपल्याला वाटतं. जंतू मरतो, पण त्याचे बीजाणू उकळत्या सालनातूनही जिवंत बाहेर येतात. मग पातेलं निवायला लागतं. वरचा थर तासाभरात थंड होतो, पण मधला भाग रात्रभर कोमट राहतो. उकळल्यामुळे आतली हवा गेलेली असते आणि या जंतूला हवा नकोच असते. पंचेचाळीस अंशांच्या आसपास तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब, उलटी क्वचित, ताप जवळजवळ नाही. खालांच्या घरी कुणी तपासणी केली नाही, म्हणून त्याच जंतूवर मी आरोपपत्र दाखल करत नाही, पण वेळ आणि लक्षणं दोन्ही जुळत होती. या जंतूला अडवायचा मार्ग एकच, सालन त्या कोमट पट्ट्यातून लवकर बाहेर काढणं. साठ अंशांच्या वर ठेवा किंवा पाच अंशांच्या खाली न्या. मधल्या पट्ट्यात लवंगेचा पहारा चालत नाही.

दुसरा एक जंतू आपल्या हातावरच असतो, स्टॅफिलोकोकस. शिजल्यावर हात घालून बोटी काढल्या, वाटल्या, उरलेल्या परत पातेल्यात टाकल्या की तो आत जातो. त्याचं विष तर नंतर खळखळून उकळलं तरी जात नाही. म्हणून 'गरम करून खाल्लं की काही होत नाही' हाही अर्धाच दिलासा आहे.

आता येते दादी-नानीकडे, कारण हा मेसेज त्यांच्या नावावर चालतो आणि मला राग सर्वांत जास्त त्याचा आहे.

माझी नानी पनवेल तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. तिच्याकडे फ्रीज नव्हता हे खरं. मटण टिकायचं हेही खरं. पण कशाने टिकायचं हे मेसेज लिहिणाऱ्याने कधी पाहिलेलं नाही. नानी बकरी ईदचं बरंचसं गोश्त दुपारपर्यंत वाटून मोकळी व्हायची. उरलेल्याचे लहान तुकडे करून कांदा-खोबऱ्याशिवाय, फक्त मीठ-हळद-आल्यालसणावर पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवायची, चरबी सुटून ती मांसावर थिजायची. सकाळ-संध्याकाळ ते भांडं चुलीवर चढायचं आणि नुसतं गरम नाही, चांगलं खदखदायचं. एक दिवस जरी चुकलं तरी नानी ते मांस घरात कुणाला देत नसे. काही तुकडे मीठ लावून दोरीवर उन्हात जायचे. म्हणजे तिच्या हातात मीठ होतं, कोरडेपणा होता, दिवसातून दोनदा आग होती आणि ऊन होतं. लवंग तिच्या घरी मोजून चार असायच्या, त्या बिर्याणीसाठी राखलेल्या. मूठभर लवंग टाकणारी नानी कुणाची असेल तर ती फार श्रीमंत नानी असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. आपलं कॅलेंडर चंद्राचं, ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. १९७४, ७५, ७६ या वर्षांत बकरी ईद डिसेंबरात आली होती. अम्मी ज्या 'तीन दिवस टिकलेल्या' मटणाची आठवण सांगते ती त्या थंडीतली आहे. २०२४ची ईद १७ जूनला होती, २०२५ची ७ जूनला, २०२६ची मे महिन्यात. डिसेंबरची आठवण जूनच्या पनवेलमध्ये कशी चालेल?

टिकवण्याची खरी विद्या आपल्या आजूबाजूला कमी नाही. आगोटीची बेगमी पनवेल-उरणला कोण करत नाही? पावसाळ्याआधी सुके बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवायचे. ते टिकतात मीठ, वारा आणि ऊन यांच्यावर. गोव्यात आणि वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांत व्हिनेगर घालून केलेलं मांस तिसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतं म्हणतात. त्यातले काही पदार्थ आपल्याला चालत नाहीत, पण युक्ती पाहा : आंबटपणा, आणि रोजची उकळी. मराठवाड्यात दलित घरांमध्ये मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या करत. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली आलेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात त्या स्वयंपाकाची नोंद ठेवली, नाहीतर ती विद्याही 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' या ढगात विरून गेली असती. या सगळ्यांत मसाला चवीचा साथीदार आहे, पहारेकरी दुसरेच आहेत.

आणि आपल्या दीनमधला शब्द घ्या. ईदनंतरच्या तीन दिवसांना आपण तश्रीकचे दिवस म्हणतो, नमाजनंतर तश्रीकची तकबीर पढतो. या शब्दाचा एक अर्थ अरबी कोशकार देतात तो असा की मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवणं. वाळलेल्या मांसाला अरबीत कदीद म्हणतात. म्हणजे हिजाजच्या कोरड्या उन्हात कुर्बानीचं गोश्त कसं टिकायचं ते या दिवसांच्या नावातच लिहिलेलं आहे. ऊन! कलौंजी नाही, लवंग नाही. ते ऊन मिनामध्ये आहे. जूनमध्ये पनवेलला काय असतं ते दोरीवरच्या कपड्यांना विचारा.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांबद्दल दोन शब्द, कारण हे वाचून त्यांना आनंद झाला असेल. 'मांस खाणारे सडकं मांस लपवायला मसाला वापरतात' हे मी स्टाफरूममध्ये हसत हसत ऐकलेलं आहे, आणि बोलणाऱ्याच्या नजरेत कोण होतं तेही मला कळलेलं आहे. हा जुना समज आहे, युरोपबद्दलही सांगितला जायचा, आणि तो साध्या हिशोबात पडतो. ज्या काळी मिरी आणि लवंग जहाजांनी समुद्र ओलांडून जात, त्या काळी मसाला मांसापेक्षा महाग होता. सडकं मांस लपवायला त्याहून महाग वस्तू कोण वापरेल? त्या पैशात ताजं मांस येतं.

याच्या उलट टोकाला एक शास्त्रीय दावाही होता, आणि तो आपल्या लोकांना फार आवडतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी छत्तीस देशांतल्या मांसाच्या पाककृती तपासून मांडलं की उष्ण देशांत मसाले जास्त वापरतात कारण ते जंतू मारतात. त्याचे दाखले आजही दिले जातात. पण २०२१ मध्ये दुसऱ्या एका गटाने सत्तर खाद्यसंस्कृतींच्या तेहतीस हजारांहून अधिक पाककृती घेऊन हाच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा उष्णता, अन्नातून होणारे आजार आणि मसाला यांचा असा सरळ संबंध सापडला नाही. पहिला निकाल आपल्याला सुखावतो म्हणून तो पुढे पाठवायचा आणि दुसरा वाचायचा नाही, याला मी इल्म म्हणत नाही. खबर आली की आधी तहकीक करा, हे सूरह हुजुरात आपल्याला सांगते. ते फक्त दंग्याच्या अफवांपुरतं आहे असं कुणी ठरवलं?

बाजारही यात मागे नाही. 'नैसर्गिक', 'प्रिझर्व्हेटिव्हमुक्त', 'घरच्यासारखं' असं लिहिलेली बिर्याणीची आणि कबाबची पाकिटं आता आपल्या भागातही मिळतात. खाद्यसुरक्षा प्राधिकरणाने जाहिराती आणि दाव्यांबद्दल २०१८ मध्ये नियम केले, ते १ जुलै २०१९ पासून लागू आहेत. 'नैसर्गिक' आणि 'ताजं' हे शब्द पाकिटावर कधी छापता येतात याच्या अटी त्यात आहेत. 'ताजं' हा शब्द धुणं, सोलणं, कापणं, थंड करणं एवढ्यापलीकडे काही प्रक्रिया न झालेल्या मालापुरता आहे. शिजवलेला कबाब त्यात कसा बसणार? पाश्चात्त्य बाजारात तर सेलरीच्या भाजीची पूड मांसात घालून 'नायट्राइट घातलेलं नाही' असं लिहिण्याची चलाखी चालते. त्या भाजीतलं नायट्रेट जिवाणूंच्या मदतीने नायट्राइटच बनतं. भाजीतून आलं म्हणून रेणू बदलत नाही. आणि तेलात बुडवून बाहेर ठेवलेला लसूण? तोही शंभर टक्के नैसर्गिक. त्यात बोट्युलिझमचा जो जंतू वाढू शकतो, तोही मातीतून आलेला, शंभर टक्के नैसर्गिक.

पण मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते वेगळं आहे. 'फ्रीजची गरज नाही' हे वाक्य कुणासाठी आहे? माझ्या घरी फ्रीज आहे, मेसेज पाठवणाऱ्या बाईंकडे दोन आहेत. हा मेसेज आमच्याकडून पुढे जातो घरकाम करणाऱ्या बाईकडे, भाड्याच्या खोलीत सहा जणांनी राहणाऱ्या बिहारी आणि बंगाली मजुरांकडे, माझ्या वर्गातल्या त्या मुलांच्या आयांकडे ज्यांच्या घरी खरंच फ्रीज नाही. त्यांना वर्षातून एकदा एवढं गोश्त मिळतं. संध्याकाळपर्यंत पाच घरांतून पाच पिशव्या येतात. फेकायचं मन होत नाही, आणि का व्हावं? मग आमच्यासारखी शिकलेली माणसं त्यांना सांगतात की लवंग टाका आणि ठेवा. आम्हाला जुलाब झाले तर रिक्षा करून दवाखाना आहे. त्यांची एका दिवसाची मजुरी जाते, आणि घरात तान्हं मूल असेल तर काय जातं ते मला लिहायचं नाही.

हदीस आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. एका वर्षी हुजूर सल्लल्लाहू अलैहि वसल्लम यांनी कुर्बानीचं गोश्त तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली, कारण त्या वर्षी मदीनेत गावोगावचे भुकेले लोक आले होते. पुढे मुभा दिली : खा, खिलवा, साठवा. साठवायची मुभा आहे, मी ती नाकारत नाही. पण मनाई कशासाठी होती ते पाहा. ती गोश्त खराब होईल म्हणून नव्हती, कुणीतरी उपाशी होतं म्हणून होती. आमच्या मोहल्ल्यात ईदला काय होतं? ज्याने कुर्बानी केली तो ज्याने कुर्बानी केली त्याच्याकडे पिशवी पाठवतो, तीच पिशवी दुसऱ्या नावाने परत येते, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या फ्रीजच्या दारांना खुर्च्या टेकवलेल्या असतात. मग शिजवलेलं बाहेर राहतं आणि लवंगेचा शोध सुरू होतो.

काय करायचं ते खालांच्या घरी आम्ही या वर्षी ठरवलंय, तेच सांगते. पहिली जागा शिजवलेल्याला. ईदच्या सकाळी फ्रीजचा एक कप्पा रिकामा, त्यात कच्ची पिशवी ठेवायची नाही. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त शिजवायचं नाही. जेवण झालं की उरलेलं सालन पातेल्यात राहू द्यायचं नाही, पसरट थाळ्यांत दोन बोटांच्या थराने ओतायचं, पंख्याखाली निववायचं आणि दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये. काढताना लागेल तेवढंच काढायचं, ते ढवळत खदखदून उकळायचं, आणि परत आत ठेवायचं नाही. तीन दिवसांत संपवायचं. रात्री वीज गेली तर फ्रीज उघडायचा नाही. बंद दाराचा फ्रीज चार तास साधारण थंड राहतो. त्याहून जास्त वेळ गेला तर शिजवलेलं टाकून द्यायचं, कितीही सुगंध येत असला तरी. आणि हो, कढीपत्ता, लवंग, दालचिनी जरूर घाला. डाळिंबाची साल वाळवून पूड करून चिमूटभर कबाबात घालून पाहा, रंग थोडा काळपट येतो, पण तिसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढलेला कबाब खवट लागत नाही. मी करून पाहिलंय.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांना शिजवलेलं मोठं भांडं पाठवू नका, पिशव्यांचा ढीगही नको. एका वेळेला पुरेल एवढं गोश्त द्या आणि बाकीचं त्यांच्या नावाने आपल्या फ्रीझरमध्ये ठेवा. अमानत म्हणून. चिठ्ठी लावून. दुसऱ्या दिवशी ते घेऊन जातील, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोन तास कुणी बोललं नाही. मग एका चुलत भावाने अंगठा दाखवला, एका चाचींनी विचारलं की नानीची बेअदबी का करतेस. सर्वांत शेवटी खालांचा व्हॉइस मेसेज आला. "बेटा, माझ्या फ्रीझरचा खालचा कप्पा लिहून घे. चार घरांचं राहील."

चार घरं झाली. आमच्या गल्लीत फ्रीज नसलेली घरं मी मोजली, तेवीस आहेत. पनवेलमध्ये हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे एक कप्पा निघत असेल तर अरफाच्या दिवसापर्यंत मला कळवा.